अर्धवेळ ग्रंथपालाने पुढे काय करावं: परीक्षा, कोर्स की गावातलं रविवारचं वाचनालय?

या वेळचं पत्र, थोडं कापून आणि नाव-गाव काढून:

"मॅडम, मी लातूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलला अर्धवेळ ग्रंथपाल आहे. वय 33. बी.लिब., एम.लिब. दोन्ही मुक्त विद्यापीठातून झालंय. आमचं ग्रंथालय म्हणजे पाच कपाटं आणि त्याच खोलीत खेळाचं सामान. कपाटांना कुलूप, कारण मुख्याध्यापक सर म्हणतात पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार. माझा वेळ ऑफ तासाला वर्ग सांभाळणं, परीक्षेचे कागद आणि पोषण आहाराच्या नोंदी यातच जातो. माझी मैत्रीण शेजारच्या गावात जिल्हा परिषद शाळेवर आहे, ती म्हणते आपण दोघी मिळून तिच्या गावात दर रविवारी मुलांचं वाचनालय चालवू, वर्गणीचे 10,000 रुपये पण तिने जमवलेत. घरचे म्हणतात लष्करच्या भाकऱ्या भाजायची हौस आहे तर भाज. मला कळत नाही की नेट-सेट द्यावी, केंद्रीय विद्यालयाची तयारी करावी, एखादा चांगला कोर्स करावा की हे वाचनालय. पगार वाढेल असं काही सुचवा. – अर्धवेळ"

ताई, तुम्ही चारही गोष्टी एका रांगेत उभ्या केल्यात, म्हणजे एक घेतली की बाकीच्या तीन सोडायच्या असं काहीतरी तुमच्या डोक्यात आहे. तसं नाहीये. केंद्रीय विद्यालय हा वयाचा प्रश्न आहे, नेट-सेट पात्रतेचा, कोर्स शिकण्याचा, आणि रविवारचं वाचनालय हे यातलं एकमेव प्रत्यक्ष काम आहे, बारा-पंधरा मुलं समोर बसवून पुस्तक उघडायचं काम, जे तुम्हाला ग्रंथपाल असूनही शाळेत करायला मिळत नाही. माझं मत स्पष्ट आहे की ते काम तुम्ही धरा आणि बाकीच्या गोष्टी त्याच्या आजूबाजूला बसवा. आता नुसतं "ताई करा, छान आहे" म्हणणारे तुम्हाला खूप भेटतील, म्हणून जरा हिशोबाने सांगते.

आधी वयाचं, कारण ते कोणासाठी थांबत नाही. केंद्रीय विद्यालयात ग्रंथपालासाठी वयाची अट साधारण 35 ची असते, प्रवर्गाप्रमाणे सवलत मिळते ती वेगळी. शिक्षणाची अट तुमची पूर्ण आहे, तिथे बी.लिब. पुरतं. पण ही भरती काही दरवर्षी निघत नाही, मोठी जाहिरात आली डिसेंबर 2022 ला आणि त्यानंतरची थेट नोव्हेंबर 2025 ला, ती केंद्रीय आणि नवोदय दोघांची एकत्र, सीबीएसईमार्फत. म्हणजे तुमच्या हातात मोजून एखादी संधी आहे, आणि तिच्या भरवशावर सगळं सोडून अभ्यासिकेत जाऊन बसणं मला तरी पटत नाही. पेपरमध्ये ग्रंथालयशास्त्राचा भाग तुमच्या बी.लिब.चाच आहे, अडतं ते रिझनिंग, इंग्रजी, हिंदी आणि कॉम्प्युटरला, तर सकाळचा तासभर त्यालाच द्या, विषयाचं नंतर बघता येईल. दुसरं म्हणजे कागदपत्रं. ओबीसीत येत असाल तर राज्याचा दाखला तिथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला नॉन क्रीमीलेयरसह लागतो आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही आधी बघावं लागतं, हे काम जाहिरात आल्यावर करायला गेलं की तहसीलला चकरा मारण्यात मुदत संपते. आणि घरच्यांशी आत्ताच बोला, पोस्टिंग देशात कुठेही येऊ शकतं, उद्या आसामातलं सिल्चर आलं तर जाणार का, आणि नवोदय मिळालं तर ते निवासी असतं, कॅम्पसवरच राहायचं, मुलं बारीक असतील तर हा निर्णय एकटीचा राहत नाही.

नेट-सेटची, म्हणजे कॉलेजातल्या नोकरीसाठीच्या पात्रता परीक्षांची, घाई नको. एम.लिब.ला 55 टक्के असतील (राखीव प्रवर्गाला 50) तर दोन्ही देता येतात, नेट वर्षातून दोनदा होते, सेट पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीकडे चालते, आणि सहायक प्राध्यापक पदाच्या पात्रतेला वयाची वरची अट नाही, ती फक्त जेआरएफला, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीला आहे. म्हणजे ही गाडी सुटणारी नाही. कॉलेजचा ग्रंथपाल झालात तर श्रेणी प्राध्यापकांच्या बरोबरीची, हे खरं, पण अनुदानित कॉलेजात जागा किती निघतात आणि निघाल्यावर त्या कशा भरल्या जातात हे मी लिहायला नको, तुम्ही मराठवाड्यात राहता. केंद्रीयचा अभ्यास करताकरता एकदा सेट मनापासून द्या, क्लासला हजारो रुपये भरू नका, मागच्या वर्षांचे पेपर सोडवा, बास.

आता कुलूप. दरवर्षी 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार घालायचा आणि कार्यक्रम झाला की कपाट परत बंद, हे आपल्याकडे निम्म्या शाळांत चालतं. त्यांचा 1931 चा पहिला सिद्धांत तुम्ही परीक्षेत दहा मार्कांसाठी लिहिला असेल, पुस्तकं वापरासाठी आहेत. पण मुख्याध्यापक सरांना खलनायक करू नका बरं का, त्यांची भीती खरी आहे, तपासणीला कोणी आलं आणि दाखल नोंदवहीत 1,400 पुस्तकं आणि कपाटात 1,360 निघाली तर चाळीस पुस्तकांचा जाब त्यांनाच विचारणार. म्हणून त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी कागद ठेवा समोर. केंद्र सरकारचे 2017 चे जे सर्वसाधारण वित्तीय नियम आहेत त्यातला नियम 215 सांगतो की वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचायला काढलेल्या दर 1,000 ग्रंथांमागे 5 ग्रंथ हरवले तर ते वाजवी धरावं, फक्त त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नको. आता हा नियम केंद्राच्या ग्रंथालयांसाठी, तुमच्या शाळेला थेट लागू नाही, हे सरांना आधीच सांगून टाका, नाहीतर ते तेच धरून बसतील. पण खुद्द सरकार मान्य करतं की पुस्तकं वापरली की थोडी हरवणार, हा मुद्दा छापील कागदावर दिसला की माणूस जरा सैल होतो.

आणि मागताना थोडं मागा. पाचही कपाटं उघडा म्हणालात तर नाहीच म्हणतील. एक कपाट, त्यातली 60-70 कमी किमतीची गोष्टीची पुस्तकं, एकच वर्ग, म्हणजे समजा सहावी अ, आणि शनिवारचा वेळ. आनंददायी शनिवार म्हणून शासनाचाच उपक्रम आहे 2024 पासून, त्या दिवशी काहीतरी वेगळं करून दाखवायचंच असतं आणि सगळे शिक्षक काय करायचं म्हणून डोकं खाजवत असतात, तुम्ही आयतं काहीतरी घेऊन गेलात तर कोणाला नकोय. फाटकी, वाळवी लागलेली, जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकं आहेत त्यांची निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करायची यादी करून शाळा समितीपुढे ठेवा, कपाटातली जागाही मोकळी होते आणि नोंदवहीचा आकडाही खरा होतो. हे काम तुमच्याशिवाय शाळेत कोणालाच येत नाही, हे सरांना कळायला पण तेवढीच मदत.

(जाता जाता एक. आरटीई कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं असावीत असं लिहिलंय, पण ते चालवायला माणूस असावा असं कुठेच नाही. कला, क्रीडा, कार्यानुभव यांचे अंशकालीन निदेशक आहेत, ग्रंथपाल नाही. पुस्तकांना कायद्याचा आधार आहे आणि आपल्याला पटसंख्येचा, ही सगळी गंमत तिथून सुरू होते.)

आता रविवारचं वाचनालय, यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

जागा कुठली ठरवताय? पत्रात नाही लिहिलंत. बहुतेक वेळा गावकरी मारुतीच्या देवळाचा सभामंडप देतात, प्रेमाने देतात, सतरंजी पण देतात, पण तिथे गावातली सगळी मुलं मोकळेपणाने येऊन बसतील का हे तुम्ही दोघींनी खरंखुरं एकमेकींना विचारा. काही आळ्यांतली मुलं पायरीशी थांबतात, मुसलमानांची पोरं येतच नाहीत, आणि आपल्याला ते सहा महिने लक्षातही येत नाही. मैत्रिणीच्या शाळेचा व्हरांडा सगळ्यात चांगला, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या म्हणजे रविवारी चावी मागायला कोणाच्या मागे फिरावं लागणार नाही. अजून एक बघा, गावात आधीच एखादं अनुदानित सार्वजनिक वाचनालय असेल, 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालचं, सगळ्यात लहान म्हणजे ड वर्गाचं, जिथे दोन पेपर येतात आणि चार म्हातारी माणसं बसतात. त्यांच्या सचिवांना भेटा. त्यांनाही उपक्रम हवाच असतो, त्यांच्याकडे खोली आहे, नोंदवही आहे, आणि पुढे त्यांच्या नावावर राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानची पुस्तकंही येऊ शकतात. नवीन संस्था काढायच्या, नोंदणीच्या, लेटरहेडच्या भानगडीत अजिबात पडू नका.

वेळ. तुमच्याकडे सोयाबीन काढणीच्या दिवसांत पोरं रानात असतात, ऑक्टोबरमध्ये रविवारी सकाळी नऊला कोणी येणार नाही, तेव्हा आधीच ठरवून त्या महिन्यात संध्याकाळी घ्या, नाहीतर दोन रविवार व्हरांडा रिकामा बघून मैत्रिणीचा जीव खट्टू होईल. मुली येताना कडेवर धाकटं भावंड घेऊन येतात, त्यांना परत पाठवू नका, त्यासाठी चार-पाच बिनशब्दांची चित्रांची पुस्तकं वेगळी ठेवा, दोन वर्षांचं पोर पण पानं उलटतं आणि ताईला अर्धा तास मोकळा मिळतो.

पुस्तकं मांडायची कशी तर व्हरांड्याच्या दोन खांबांना सुतळी बांधा, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा आणि पुस्तकं अशी टांगा की मुखपृष्ठ मुलांकडे येईल, आणि दोरी दुसरीतल्या मुलाच्या हाताला लागेल इतकी खाली. ड्युईचं वर्गीकरण, ते विषयवार आकडे, शंभर पुस्तकांना लावत बसू नका, तुम्हाला येतं म्हणून हात शिवशिवणार हे मला माहितेय. कण्यावर रंगीत टेप, तीन रंग, एक चित्र जास्त अक्षर कमी, एक थोडं थोडं वाचणाऱ्यांसाठी, एक सलग वाचणाऱ्यांसाठी. आणि कुठल्या मुलाने कुठला रंग घ्यायचा यावर बंदी नाही, सातवीतला मुलगा चित्राचं पुस्तक घेऊन बसला तर बसू दे, त्याला वाचायला येत नसेल आणि त्याने ते आजवर कोणाला कळू दिलं नसेल.

सुरुवातीला पंधरा मिनिटं तुमच्यापैकी एकीने मोठ्याने वाचायचं. घरी दोनदा वाचून या, पुस्तक छातीपाशी आडवं धरायचं, चित्र त्यांच्याकडे, पान उलटायच्या आधी एक क्षण थांबायचं आणि आता काय होईल असं सहज विचारायचं, उत्तर बरोबर का चूक सांगायचं नाही, पान उलटायचं. संपल्यावर "यातून काय शिकलात" हे तर मुळीच नको! तात्पर्य विचारलं की पुढच्या रविवारी निम्मी मुलं गायब. वाचून झालं की ते पुस्तक सतरंजीवर तसंच ठेवून द्या आणि बाजूला व्हा, सगळ्यात आधी तेच पुस्तक उचललं जातं, मग त्यासाठी भांडणं होतात, ती भांडणं होऊ द्यात. बाकी वेळ नुसतं वाचणं, ऐकणं, चित्र काढणं. शेवटी देवघेव, आणि ती सहावी-सातवीच्या दोन मुलींकडे द्या, वहीत चार रकाने, नाव, पुस्तक, नेलं, आणलं, आणि पाचवा रकाना आवडलं का, तिथे हसरा, सपाट किंवा रडका चेहरा काढायचा. तो पाचवा रकाना पुढे तुमच्या फार कामाला येणार आहे.

आता ते 10,000 रुपये. सगळे एकदम खर्च करू नका. साधारण 7,000 ची पुस्तकं घ्या आणि 3,000 बाजूला ठेवा, दोन-तीन महिन्यांनी कुठली पुस्तकं दोरीवर टिकतच नाहीत ते वहीतून दिसेल, मग त्याच धर्तीची अजून आणा. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, एकलव्य, ज्योत्स्ना प्रकाशन यांची मराठी बालपुस्तकं बघा, त्यातली बरीचशी शंभराच्या आत येतात. मराठी कमी पडलं तर थोडी हिंदी, थोडी दोन भाषांतली घेतलीत तरी चालतील. शाळेत सेटवाले येतात ना, थोर पुरुषांची पंचवीस चरित्रं, साठ टक्के सूट, एकाच कागदावर एकाच माणसाने लिहिल्यासारखी, ते घेऊ नका. फ्लेक्स छापू नका. कपाट घेऊ नका, पत्र्याची पेटी पुरते. आणि पुस्तकदानाचं आवाहन करणार असाल तर आधीच लिहा की गाईड, जुनी स्वाध्यायपुस्तकं आणि पोथ्या नकोत, नाहीतर गावाची सगळी रद्दी तुमच्या व्हरांड्यात येऊन पडते आणि नाही म्हणता येत नाही.

फुकटातलं पण भरपूर आहे. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर 2015 पासून आहे, त्यावरच्या मराठी गोष्टी डाऊनलोड करा, छापा, वाटा, परवानगी आधीच दिलेली आहे. बालभारतीने किशोर मासिकाचे जुने अंक, अगदी 1971 पासूनचे, त्यांच्या साइटवर मोफत ठेवलेत, त्यातली कोडी आणि छोट्या गोष्टी काढून वर्तमानपत्रासारखं भिंतीला लावता येतं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ग्रंथ तुमच्या दारी योजना आहे, पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरतात, पार दुबईच्या मराठी मंडळींपर्यंत पोचल्यात त्या पेट्या, गावातल्या आया आणि शिक्षकांचा गट जमला तर त्यांनाही एकदा विचारा.

कोर्सचं म्हणाल तर माझा सल्ला उलटा आहे, वाचनालय तीन-चार महिने चालवा आणि मग कोर्सला जा. टाटा ट्रस्ट्सच्या पराग उपक्रमाचा लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स आहे, हिंदी आणि इंग्रजीत चालत आलाय, काही दिवस प्रत्यक्ष आणि बाकी आपापल्या ठिकाणी राहून, नोकरी सोडावी लागत नाही. पण त्यातलं निम्मं शिकणं आपल्या ग्रंथालयात करून बघण्यावर आहे, आणि तुमच्या शाळेत कपाटालाच कुलूप असेल तर करून बघणार कुठे? रविवारचा व्हरांडा तिथे उपयोगी पडतो. पणजीला बुकवर्म ही संस्था आहे, 2005 पासून मुलांचं ग्रंथालय आणि शाळाशाळांतून त्यांचं काम, मे महिन्यात गोव्याला गेलात तर समुद्र दुसऱ्या दिवशी बघा. आपल्याकडे पालघर जिल्ह्यात सोनाळ्याला क्वेस्ट या शिक्षणसंस्थेचं काम आहे, त्यांचा गोष्टरंग म्हणजे नट मंडळी गोष्ट सादर करतात आणि मग मुलं पुस्तकांकडे वळतात, आणि फलटणची प्रगत शिक्षण संस्था, हे दोन्ही मराठीत काम करणारे लोक आहेत, त्यांच्या कार्यशाळांवर नजर ठेवा. तांत्रिक बाजूला ग्रंथालयाचं एकच सॉफ्टवेअर नीट शिका, कोहा शिका, ओपन सोर्स आहे, पैसे पडत नाहीत, जुन्या लॅपटॉपवर टाकून शाळेची पुस्तकं त्यात भरून बघा. नुसती सर्टिफिकेटं गोळा करू नका, आजकाल दोन तासांचा वेबिनार केला की प्रमाणपत्र मेलवर येतं, ते कोणी बघत नाही.

बघतात काय ते सांगते, कारण पगार वाढेल असं काही सुचवा म्हणालात. पुण्या-मुंबईकडच्या आयबी, केंब्रिज अशा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या आणि बऱ्या सीबीएसई शाळा ग्रंथपाल घेताना मुलाखतीला एक वर्ग समोर बसवतात आणि पुस्तक हातात देऊन म्हणतात घ्या वाचून. स्वयंसेवी संस्थांत ग्रंथालय समन्वयकाच्या जागा निघतात, तिथे विचारतात तुम्ही आतापर्यंत किती मुलांबरोबर काय केलंत, कुठलं पुस्तक चाललं, कुठलं पडलं आणि का. एम.लिब. तर सगळ्यांचंच असतं, या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर असतं तो निवडला जातो. तुमची ती पाच रकान्यांची वही म्हणजे हे उत्तर. दर महिन्याला एक पान लिहा, किती मुलं आली, किती पुस्तकं घरी गेली, काय फसलं. खासगी शाळेत पगार बरा असेल पण कायमपणा नाही, आणि मुलाखत इंग्रजीत असते, बोलायची सवय आत्तापासून लावा, चुकत चुकत का होईना.

तेच पान मैत्रिणीच्याही कामाचं आहे. तिने केंद्र शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, दहा मिनिटं मागून घ्यावीत आणि वही घेऊनच उभं राहावं, पीपीटी नको. एससीईआरटीची, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, नवोपक्रम स्पर्धा दरवर्षी होते, त्यात प्राथमिक शिक्षकांचा गट आहे, तिच्या नावावर अहवाल जाऊ शकतो, तुमचं योगदान त्यात स्पष्ट लिहून घ्या (मैत्री असली तरी, आणि मैत्री आहे म्हणूनच). वर्षभरात जीवन शिक्षण किंवा पालकनीती या मासिकांसाठी एक लेख होईल, दोघींच्या नावाने. फोटो टाकताना मुलांचे चेहरे आणि नावं सोबत टाकू नका, पालकांना विचारल्याशिवाय तर नाहीच, स्टेटसला टाकायची घाई सगळ्यांना असते.

आणि एक गमतीचं काम. ऑक्टोबर हा जगभर शालेय ग्रंथालय महिना म्हणून पाळतात, शालेय ग्रंथपालांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे आयएएसएल, ती त्या निमित्ताने मुलांच्या हाताने केलेल्या बुकमार्कची देवाणघेवाण जुळवून देते, तुमच्या सहावी अ ने केलेले बुकमार्क दुसऱ्या देशातल्या शाळेत जाणार आणि तिकडचे इकडे येणार. खर्च टपालाचा. आपल्याकडे 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतोच, दरवर्षी तेच भाषण आणि तोच फोटो, त्याऐवजी त्या दिवशी परदेशातून आलेलं पाकीट मुलांसमोर फोडता आलं तर बघा काय होतं ते. नोंदणी मात्र आधी करावी लागते.

घरच्यांच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका पण त्यात तथ्य आहे तेवढं घ्या. फुकट काम करायचं ते गावातल्या मुलांसाठी करा, संस्थेसाठी करू नका. अर्धवेळ पगारात पूर्णवेळ थांबून, ऑफ तास घेऊन, पोषण आहाराच्या नोंदी भरून कोणी तुम्हाला पूर्णवेळ करणार नाही, उलट बाईंना सवय आहे म्हणून अजून एक रजिस्टर येईल. शाळेतली तुमची वेळ संपली की उठा. रविवारचेही तास ठरवून घ्या, दोन म्हणजे दोन, आणि दोघींपैकी एक आजारी पडली तर त्या दिवशी सातवीच्या मुली देवघेव करतील, मोठ्याने वाचणं नाही झालं तरी चालेल. आधी या शैक्षणिक वर्षापुरतंच बोला, एप्रिलमध्ये दोघींनी बसून पुढचं ठरवा.

पूर्णवेळ पदाचा विषय मात्र यात मिसळू नका. तुम्ही वाचनालय किती छान चालवता यावर ते पद मिळत नाही, ते पटसंख्या, संचमान्यता (पटावरून शाळेला किती पदं ते ठरवणारी सरकारी मंजुरी) आणि शासन निर्णयावर मिळतं, त्यामुळे त्याची फाईल वेगळी ठेवा. नेमणूक आदेश, वैयक्तिक मान्यतेचं पत्र, दरवर्षीच्या संचमान्यतेची प्रत, सेवापुस्तकाची झेरॉक्स, सगळं एका जागी. जिल्ह्यातल्या बाकीच्या अर्धवेळ ग्रंथपालांना गाठा, एकटीने गेलं की साहेब नंतर या म्हणतात, पंधरा जण गेले की खुर्च्या मागवतात, आणि शिक्षकेतर संघटनेची वर्गणी भरली नसेल तर भरा. शाळेला अर्ज द्याल तो तोंडी नको, शिपाई मामांच्या हातीही नको, स्वतः ऑफिसात जाऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घालून पोच घ्या.